जुन्या मोंढ्यात चित्रांचं दालन काढायचं असेल तर

मी पेंटर आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात दुकानांचे बोर्ड, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळेच्या भिंती आणि निवडणुकीची चिन्हं रंगवण्यात माझं आयुष्य गेलं. बोर्ड रंगवणाऱ्याला गावाची तब्येत इतरांच्या आधी कळते. दोन दिवाळ्या सरल्या तरी दुकानदार बोर्डाला रंग देत नाही, तेव्हा त्याच्या मनात दुकान मिटवायचं चाललेलं असतं. बाजार समितीचं यार्ड गावाबाहेर गेलं, नवा मोंढा, म्हणजे धान्याचा घाऊक बाजार, झाला, आणि जुन्या मोंढ्यात असे उडालेल्या रंगाचे बोर्ड वाढत गेले. शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणारी आडत दुकानं बंद पडली, हमालांचा अड्डा उठला, त्यांच्यावर चालणारी हॉटेलं आणि पानटपऱ्या गेल्या. त्याच जुन्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानात आता आम्ही चित्रांचं दालन चालवतो. आजूबाजूच्या तालुक्यांतली पोरं येतात आणि विचारतात, आमच्याकडं असं कसं करायचं? त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

आधी एक गोष्ट ठरवा. दालन कुणासाठी? माझं उत्तर पक्कं आहे, आठवडी बाजाराला येणाऱ्या माणसासाठी. सातारा जिल्ह्यातल्या भिलारला २०१७ साली सरकारनं पुस्तकांचं गाव उभं केलं. घराघरांत पुस्तकं ठेवली, भिंती रंगवल्या. काम चांगलंच झालं. पण भिलार पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधे आहे. माणसं तिथून जातच होती, त्यांना थांबायला जागा मिळाली. आपल्याकडं तसं नाही. अजिंठा-वेरूळ बघायला जगभरातून लोक येतात आणि संभाजीनगरहूनच परत जातात. परभणी-हिंगोलीकडं कोण वळतो? पर्यटकांच्या हिशोबानं दालन काढलं तर वर्षाच्या आत भाडं थकेल. बाजारच्या दिवशी मात्र आसपासच्या खेड्यांतली माणसं गावातच असतात. दुपारी बाजार उरकतो आणि मग एसटीची वाट बघत ती स्टँडवर बसून राहतात. तो मोकळा वेळ आपला आहे. तेवढा वेळ ती मोंढ्यात आली, तर चहावाला, भजीवाला, चप्पल शिवणारा, चष्म्याचं दुकान, सगळ्यांच्या गल्ल्यात काही पडतं. पुढचं सगळं मी याच एका विचारावरून सांगणार आहे.

जागा

आडत दुकान मिळालं तर दुसरं काही बघू नका. पुढं ओटा असतो, त्यावर माणूस बिनधास्त टेकतो. आत गादीची खोली, आणि मागं लांबलचक वखार. पोत्यांची थप्पी लावायला बांधलेल्या वखारीच्या भिंती सरळ आणि उंच असतात, झरोके वर असतात, त्यामुळं ऊन थेट चित्रावर येत नाही. खाली शहाबादी फरशी असेल तर आणखी बरं. गढी किंवा वाड्याचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण फोटो छान येतात. पण वाड्यात खोल्या लहान, उंबरे उंच, कोनाडे जागोजागी. चित्र लावायला सलग भिंत सापडत नाही. शिवाय गढीत शिरताना अजूनही कित्येक माणसांचे पाय अडखळतात. ज्यांचे आजे तिथं वेठीला राबले, त्यांना तो दरवाजा आपला वाटत नाही. मोंढ्यात मात्र प्रत्येक शेतकरी आणि प्रत्येक हमाल हक्कानं येऊन गेलेला असतो.

इमारत कुठलीही घ्या, छत आणि भिंती इंजिनीअरकडून तपासून घेतल्याशिवाय एकाही माणसाला आत घेऊ नका. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती बहुतेक अशाच घरांखाली. आपल्याकडची जुनी भिंत म्हणजे दगडाचे दोन थर, मधे माती आणि गोटे. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नसेल तर हादऱ्यानं भिंत उकलते. वर माळवद, म्हणजे लाकडावर माती टाकून केलेलं सपाट छत. गळती थांबवायला पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती टाकत जातात आणि पिढ्यांमागून छताचं वजन वाढतच राहतं. ते सगळं ओझं लाकडी तुळयांवर. तुळई वाळवीनं पोखरली आहे का, हे टोच्या मारून बघा. माती उतरवून वर पत्रा घेणं, भिंतीत आरपार दगड बसवणं, तुळया भिंतीशी नीट जखडणं ही कामं गावातला जुना गवंडी इंजिनीअरच्या सांगण्यावरून करू शकतो. उद्घाटन लांबलं तर लांबू द्या.

मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीला आतून प्लास्टिक पेंट मारू नका. माझा हा धंदाच होता म्हणून ठासून सांगतो. जुनी भिंत ओल आत घेते आणि सोडते. वर प्लास्टिकचा पडदा बसला की ओल आत कोंडते, पापुद्रे सुटतात आणि चित्राच्या पाठीला बुरशी धरते. चुना भिजवा, गाळा, हवा तर चिमूटभर पिवळी माती घाला म्हणजे पांढरेपणा डोळ्यांवर येत नाही, आणि पातळ तीन हात द्या. अजिंठ्याच्या कारागिरांनी भाताचं तूस आणि वनस्पतींचे धागे कालवलेल्या मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन चित्रं काढली. गेरू, पिवळी माती, काजळी हे त्यांचे रंग, आणि निळ्यासाठी लांबून आलेला लाजवर्द दगड. ही विद्या आपल्याच मुलखातली आहे. शाळेची मुलं आली की मी त्यांना आधी भिंतीला हात लावायला सांगतो आणि मग हे समजावतो.

मालकाशी बोलणं हे सगळ्यात वेळखाऊ काम. आडतीचा मालक वारलेला असतो, एक मुलगा हैदराबादला, एक पुण्याला, लेकींची नावंही उताऱ्यावर लागलेली. नगरपालिकेतून मालमत्तेचा उतारा काढा, ज्यांची ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांच्या सह्या घ्या. करार लीव्ह अँड लायसन्सचा करा आणि नोंदवून घ्या. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं तो नोंदवणं बंधनकारक आहे. मुदत जितकी लांब मिळेल तितकी मागा. दुरुस्तीचा खर्च तुम्ही करणार असाल तर तो भाड्यातून कसा वळता होईल, हेही त्याच कागदावर यायला हवं.

कागदपत्रं

यात फार अडकून पडायचं कारण नाही. किमान सात जण मिळून संस्था नोंदवता येते. सोसायट्यांचा १८६० चा कायदा आणि सार्वजनिक न्यासांचा १९५० चा कायदा, दोन्हींचं काम जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतं. सात माणसं निवडताना एक हमाल, एक शिक्षिका, एक व्यापारी, एक बचत गटातली बाई असं धरा. एकाच भावकीची किंवा एकाच पक्षाची सात नकोत. दुकान म्हणून चालवायचं असेल आणि कामाला मोजकीच माणसं असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली नुसती ऑनलाइन सूचना पुरते. जीएसटी आणि आयकर सवलतीचं मात्र हिशोबनीसालाच विचारा.

पुढाऱ्याचा फोटो दालनाच्या बोर्डावर नको. उद्घाटनाला सगळ्यांना बोलवा, मान द्या, नारळ द्या. पण फोटो लागला की दुसऱ्या गटाची माणसं ओटा चढत नाहीत, आणि आपल्याला तर सगळीच हवी आहेत.

पहिलं प्रदर्शन

इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण पहिल्या प्रदर्शनावर पुढचं सगळं ठरतं. पुण्या-मुंबईच्या चित्रकाराची कॅनव्हासं आणून सुरुवात करू नका. ती नंतर येऊ द्या. बाजाराला आलेली बाई पहिल्यांदा आत आली की तिला तिच्या ओळखीचं काहीतरी दिसलं पाहिजे, म्हणजे बाकीचं बघायला ती आपणहून थांबते.

वाकळीपासून सुरू करा. जुन्या लुगड्यांची, धोतरांची, चौकोन जोडत शिवलेली वाकळ घरोघर पेटीत असते. भिंतीवर पूर्ण उलगडून लावली की रंगांची जी जुळणी दिसते, ती मला इतक्या वर्षांत कुठल्या बोर्डावर जमली नाही. लमाण तांड्यावरच्या बायांकडं आरशांचा, कवड्यांचा कशिदा असतो. कुंभाराकडं पोळ्याचे मातीचे बैल असतात. फोटो स्टुडिओवाल्याकडं तीस-चाळीस वर्षांच्या निगेटिव्हच्या पेट्या असतात, लग्नांच्या, बारशांच्या, सैन्यात भरती झालेल्या पोरांच्या. एवढ्यावर दोन प्रदर्शनं सहज होतात. फोटोंच्या बाबतीत एक कायद्याची गोष्ट ध्यानात ठेवा: पैसे देऊन स्टुडिओत काढवून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं काढवून घेणाऱ्याचा. म्हणून त्या घरी जा, विचारा. त्या निमित्तानं चहा होतो, नावं कळतात, आणि ते घर सगळं गणगोत घेऊन प्रदर्शनाला येतं.

प्रत्येक वस्तूखाली करणाऱ्याचं पूर्ण नाव आणि गाव लिहा. ‘ग्रामीण कला’ असं मोघम नको. वाकळ शिवणाऱ्या मावशींचं नाव रेशनकार्डाबाहेर कुठं लिहिलेलं त्यांनी पाहिलेलं नसतं. आमच्याकडं एक मावशी आपल्या नावासमोर उभ्या राहून नातीकडून ते पुन्हा पुन्हा वाचून घेत होत्या. त्यानंतर त्यांच्या गल्लीतून दर बाजाराला कोणी ना कोणी येतं.

वस्तू घेताना कार्बनच्या पावतीपुस्तकावर लिहून घ्या: नाव, माप, कुठं फाटलंय, किंमत, परत कधी देणार. सोबत मोबाइलवर फोटो. एक प्रत त्यांना.

लावणं आणि उजेड

भिंतीला दर वेळी खिळे ठोकू नका, चुना ढासळतो. वर, छताखाली एक लोखंडी पाइप आडवा पक्का करा आणि त्याला तारेनं चित्रं सोडा. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर धरण्याची सर्वसाधारण पद्धत आहे. मी १४० वर ठेवतो, कारण आमच्याकडं बघणाऱ्यांत बाया आणि मुलं जास्त. मधे सतरंजी टाका. आपली माणसं बसून निवांत बघतात.

एलईडी दिवे घेताना रंग खरे दिसण्याचा आकडा, ज्याला सीआरआय म्हणतात, तो ९० च्या वरचा मागा. नाहीतर गेरूचा विटकरी होतो. जलरंग, कापड आणि जुने फोटो उजेडानं उडतात. लक्स हे उजेडाचं माप. त्यांच्यावर ५० लक्सच्या आसपासच उजेड ठेवा, तैलरंगाला २०० पर्यंत चालतो. मोबाइलच्या अॅपवर अंदाज येतो. वाकळ तीन महिन्यांपेक्षा जास्त टांगू नका, वजनानं शिवण ताणली जाते. पावसाळ्यात चित्र भिंतीला चिकटू देऊ नका, मागच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की हवा खेळते. वाळवीसाठी दर पंधरा दिवसांनी भिंतीचा पायथा बॅटरी घेऊन बघायचा.

बोर्ड हातानं रंगवा. अक्षराची उंची इंचात जितकी, त्याच्या दहापट फुटांवरून ते सहज वाचता येतं, हा आमच्या धंद्यातला जुना हिशोब. रस्त्याच्या पलीकडून, तीस फुटांवरून वाचायचं तर अक्षर तीन इंचांचं. देवनागरीला वरच्या वेलांट्या आणि खालच्या उकारांसाठी वेगळी जागा सोडा. तीन इंच हे शिरोरेषेपासून खालच्या अंगाचं माप आहे. आणि नावापेक्षा मोठं लिहा: ‘आत या. पैसे लागत नाहीत.’ कारण ओट्यापाशी येऊन माणसं हेच विचारतात, किंवा न विचारताच परत फिरतात. चपला बाहेर काढायला लावू नका. मंदिरासारखं केलं की माणूस हात जोडून दोन मिनिटांत निघून जातो.

वेळ आणि हंगाम

बाजारच्या दिवशी सकाळी दहापासून शेवटची एसटी सुटेपर्यंत दालन उघडं पाहिजे. बाकी दिवस संध्याकाळ पुरे. मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या वर जातो तेव्हा दुपारी बंदच ठेवा आणि रात्री नऊपर्यंत चालवा. मृग निघाला की पेरणीत कुणाला सवड नसते, सोयाबीन काढणीतही नसते. त्या काळात नवं काही लावू नका, शाळेच्या मुलांची चित्रं ठेवा.

दसरा झाला की कोयते निघतात. बीडबरोबर आमच्या गंगाखेड, सोनपेठ, पालमकडची टोळ्यांची टोळ्या माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. दिवाळीनंतरची थंडी प्रदर्शनाला उत्तम असते, पण तांडे आणि वस्त्या त्या वेळी रिकाम्या असतात. म्हणून कशिद्याचं आणि वाकळीचं मोठं प्रदर्शन पाडवा ते अक्षय तृतीया या दिवसांतच धरा. ज्यांचं काम आहे त्याच बाया हजर नसतील तर ते प्रदर्शन कशाला करायचं?

दालनात कँटीन काढू नका. लोक विचारतात, चहा ठेवला तर चार पैसे सुटतील ना? सुटतील, पण शेजारच्या हॉटेलचे जातील. चहासाठी माणसाला मोंढ्यात बाहेर पाठवणं हेच आपलं काम आहे. चौकटी देवाच्या फोटोंना काच बसवणाऱ्याकडूनच करून घ्या. त्याला पाठीमागं पुठ्ठ्याऐवजी चांगला बोर्ड आणि काच-चित्रात थोडी फट ठेवायला शिकवलं की शहरातून काही आणावं लागत नाही.

पैसे

उघडण्याआधी दोन वर्षांचं भाडं आणि वीजबिल हातात हवं. वर्गणी काढा, गावचे जे बाहेर नोकरीला आहेत त्यांच्याकडून घ्या. विक्रीवर पहिली दोन वर्षं भाडं निघेल असं धरू नका.

शहरातली दालनं विक्रीतला तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम घेतात. आम्ही पाचवा हिस्सा घेतो. वाकळीची किंमत ठरवताना शिवणारीला किती दिवस लागले ते विचारा, शेतातल्या रोजंदारीच्या दरानं गुणा, आणि मग त्यावर कसबाचे म्हणून निदान तितकेच वाढवा. पैसे पंधरा दिवसांत, तिच्या स्वतःच्या खात्यावर. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नाही.

आणि उचल कधीही देऊ नका. पुढच्या कामापोटी आगाऊ रक्कम देणं सोपं वाटतं, त्या बाया मागतातही. पण ऊसतोडीच्या मुकादमाच्या उचलीत बांधल्या गेलेल्या घराला आणखी एका उचलीत बांधायचं काम आपण करायचं नाही. तयार वस्तू रोख घ्या, नाहीतर विकल्यावर द्या. चित्रकारांना हेही समजावून सांगा की चित्र विकलं तरी ते छापण्याचा हक्क, लिहून दिल्याशिवाय, त्यांच्याकडंच राहतो. त्यामुळं मूळ चित्र एकाला विकून त्याची पोस्टकार्डं बाजाराच्या दिवशी वीस रुपयांना विकता येतात, आणि आमच्याकडं सगळ्यात जास्त तीच जातात.

जुन्या वस्तू आणणारी माणसं

दालन उघडलं की महिनाभरात कोणीतरी पिशवीत गुंडाळून मूर्ती आणेल, किंवा नांगरताना सापडलेली नाणी. आपला मुलूख सातवाहनांचा आणि यादवांचा, चारठाण्याची मंदिरं आणि धारासुरचं गुप्तेश्वर इथूनच जवळ. विकत घेऊ नका आणि विकायला ठेवू नका. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंचा व्यापार १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं परवान्याशिवाय करता येत नाही, हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, तो कायदा १८७८ पासूनचा आहे. आणणाऱ्याला घाबरवू नका. सोबत तहसीलला जा आणि अर्ज लिहून द्या.

हे काम गावात राहूनही किती मोठं करता येतं ते बघायचं असेल तर मुलांना घेऊन धाराशिव जिल्ह्यात तेरला जा. संत गोरोबाकाकांचं गाव. तिथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवर सापडलेल्या सातवाहनकाळच्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जपल्या, त्यातून त्यांच्याच नावाचं सरकारी संग्रहालय उभं राहिलं. मुंबईच्या कुणा तज्ज्ञाची वाट बघत ते बसले नव्हते.

बाहेर गेलेली पोरं

गावातला चित्रकलेचा मास्तर तुमचा सगळ्यात मोठा आधार. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसलेल्या मुलांच्या याद्या त्याच्याकडं असतात. त्यातली काही पुढं एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करतात, काही संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात जातात, आणि मग पुण्यात जाहिरातीच्या, अॅनिमेशनच्या कामाला लागतात. त्यांचे नंबर मिळवा आणि एकेकाला बोलवा. आईबाप घरी असतात, सणाला ती येतातच.

प्रदर्शनाची अट मात्र एकच ठेवा: चित्रं पाठवून चालणार नाही, बाजारच्या दिवशी स्वतः सतरंजीवर बसायचं आणि विचारेल त्याला सांगायचं. हे कशाचं आहे, हे असं उलटं का काढलं, याचे किती मिळतात, पोट भरतं का यावर, असे प्रश्न येतात आणि सगळ्यांना सरळ उत्तर द्यायचं असतं. गावच्या पोरांना हे शेवटचं उत्तर फार लागतं. म्हणून तारीख ठरवतानाच चित्रकाराला बाजाराचा वार सांगा, आणि परतीचं तिकीट रात्रीच्या गाडीचं काढायला लावा. दुपारची गाडी धरली तर गर्दी व्हायच्या आतच तो निघून जातो.